धाकटी गड सोडते तेव्हा

बाबांनी पुस्तक टेबलावर असं आपटलं, की बशीतला चहा उडून टोस्टवर पडला.

“गेली!” ते म्हणाले. “सरळ निघून गेली!”

सून ओट्यापाशी डबा भरत होती. तिने झाकण लावलं, दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबल्या आणि मगच मागे वळून पाहिलं. विटेएवढा जाड चौथा खंड टेबलावर पालथा पडला होता. ओळखीच्या माणसाने भर रस्त्यात शिवी द्यावी, तसे सासरे त्याच्याकडे बघत होते.

“कोण गेली?” तिने विचारलं.

“हे तू मला विचारतेस? तुझी खूण माझ्या खुणेच्या पुढे आहे. म्हणजे तू हे वाचलंयस. आणि चार दिवस माझ्यासमोर बसून शांतपणे टोस्ट खातेयस.”

“पुढचं सांगायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?”

“सांगू नकोस. पण माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसायला नको?”

तिने हसून वेळ मारून नेली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

“मला सांग. वेढा पडला, धाकटी हलली नाही. थोरल्या जावेने विष पाठवलं, हलली नाही. बर्फात अख्खा गड गारठला, तेव्हा स्वतःच्या लग्नाचा पलंग फोडून हिने चुलीत घातला, पण हलली नाही. तीन खंड आपण हिच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो. आणि आता सगळं स्थिरस्थावर झाल्यावर ही पहाटे उठते, घोड्यावर बसते आणि चालू लागते? कोणाला काही न सांगता?”

“तिला समुद्राकडे जायचं होतं, बाबा. पहिल्या खंडापासून म्हणतेय ती.”

“जायचं होतं तर जायचं. पण असं?”

“असं म्हणजे कसं?”

बाबांनी भिजलेला टोस्ट उचलला. तो मधोमध तुटून बशीत पडला. मग त्यांनी चमचा घेतला आणि चिखल झालेला तो टोस्ट मान खाली घालून खाल्ला.

तिची बसची वेळ झाली होती. चपला घालून ती निघाली. दोन जिने उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की एवढा नीट बंद केलेला डबा आपण ओट्यावरच ठेवून आलो. ती परत वर गेली नाही.

घरात आता ही दोघंच होती. सासूबाई ती लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. आणि तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा एका सकाळी धावायला म्हणून बाहेर पडला आणि घरी नुसता फोन आला. तेव्हा ती काही महिने इथेच राहीन म्हणाली होती. बाबांना एकटं टाकून जायला पाय निघेना, हे एक. दुसरं असं, की जायचं कुठे हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते काही महिने मग संपलेच नाहीत. भाजी कोणी आणायची, दिवे कोणी घालवायचे, वर्तमानपत्राचं कुठलं पान आधी कोणाला मिळायचं, असं सगळं आपोआप ठरत गेलं आणि घर चालू राहिलं.

ही कादंबरी मुळात तिच्या नवऱ्याची. कॉलेजात असल्यापासून तो ती वाचत आला होता. पहिल्या खंडाची शिवण सुटली होती आणि पानं दोऱ्याने बांधून ठेवावी लागत. चौथा खंड लेखक वर्षानुवर्षं लिहीतच होता. “हा माणूस मला म्हातारा करून सोडणार,” असं तो म्हणायचा. त्याने तिला पुष्कळदा आग्रह केला. ती दहा पानं वाचायची आणि झोपून जायची. बाबा तर त्या पुस्तकांना ‘उडती जनावरं’ म्हणायचे. “काय म्हणतात तुझी उडती जनावरं?” असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता बाहेर फिरायला जायचे.

तो गेल्यावर, सगळे पाहुणे परतल्यावर, एका दुपारी ती कामावरून लवकर आली तेव्हा बाबा त्याच्या पलंगाच्या कडेवर पहिला खंड मांडीवर घेऊन बसले होते. हातात पेन्सिल होती.

“हा पूल पडणार,” मान वर न करता ते म्हणाले. “एवढं घोडदळ, लाकडी पूल, आणि मधे एकही टेकू नाही. लेखकाला यातलं ओ की ठो कळत नाही.”

बाबांचा सारा जन्म पूल तपासण्यात गेला होता. नदीच्या पात्रात उतरून, हातोडीने खांब ठोकून, कान लावून ऐकायचं, हे त्यांचं काम. तिने आत जाऊन चहा ठेवला. तो उकळतोय तोवर बाबा पुस्तक छातीशी धरून दारात हजर झाले. चेहरा असा, की ती घाबरलीच.

“पडला!” ते म्हणाले. “पूल पडला! अगं, लेखकाला माहीत होतं!”

त्या दिवसापासून बाबा त्या लेखकाचे झाले. आणि बाबांना बोलायला कोणीतरी हवं म्हणून तीही वाचायला बसली. या वेळी तिला झोप आली नाही.

त्यातली नावं उच्चारताना जीभ अडकायची, म्हणून बाबांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली. मोठ्या भावाला गादी मिळाली म्हणून पहिल्याच प्रकरणात घर सोडणारा राजपुत्र, तो ‘रुसका’. बाही झटकली की जिच्या हातात पातं यायचं, ती ‘सुरीवाली’. तरण्या राजाची विधवा, ती ‘धाकटी’. आणि धाकटीच्या खुर्चीमागे सदैव उभा असलेला म्हातारा किल्लेदार, तो ‘खांब’. तीन खंडांत त्याच्या तोंडी जेमतेम मूठभर वाक्यं असतील. “बोलत नाही, हलत नाही, चिडत नाही,” बाबा म्हणायचे, “लेखक याला लिहायचं विसरलाय.”

एका वेढ्यात पाय गमावलेला एक सरदार होता, त्याच्यावरून मात्र तिचं आणि लेखकाचं चांगलंच बिनसलं होतं. ती कृत्रिम पाय बनवायची. कापलेल्या पायाचा प्लॅस्टरमध्ये ठसा घ्यायचा, त्यावरून पाय जिथे बसतो ती वाटी घडवायची, घासायची, माणसाला उभं करायचं, दुखतंय का विचारायचं, आणि पुन्हा घासायची. पहिल्या खंडात हा सरदार लाकडी पाय लावून पंधरवड्यात जिने चढू लागला, तेव्हा तिने पुस्तक मिटलं होतं. “काहीही!” ती म्हणाली होती. “याच्या बापाने चढले होते जिने!”

“थांब,” बाबा म्हणाले होते. “पुलाच्या वेळी मीही असंच बोललो होतो.”

आणि खरंच, तिसऱ्या खंडात एका संध्याकाळी तो सरदार तंबूत एकटा बसून पाय सोडतो. लोकांसमोर ताठ चालण्यापायी सोलवटलेल्या कातडीला तेल लावतो, आणि बाहेरून कोणी हाक मारली की दाताखाली पट्टा धरून पाय पुन्हा चढवतो. ते पान तिने रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत पाय बसवून घ्यायला आलेल्या एका ताठ म्हाताऱ्याला तिने, नेहमीसारखं “दुखतंय का?” न विचारता, “कुठे दुखतंय?” असं विचारलं. त्याने मुकाट्याने बोट ठेवून दाखवलं.

अशा गोष्टी त्यांच्या बोलण्यात सतत यायच्या. रुसक्याचं तिला फार कौतुक होतं. लेखकाने त्याला सुधारला नाही, हे तिला आवडायचं. राजवाड्यावर रुसलेला तो मुलगा नदीवर नाव चालवू लागतो. दोन्हीकडचे जखमी पलीकडे नेऊन सोडतो. राजाचा हुकूम आला, तरी भावावरचा राग काही विसरत नाही आणि नाव काही थांबवत नाही.

“हट्ट तोच,” ती म्हणायची. “फक्त तो लोकांच्या उपयोगी पडायला लागला.”

सुरीवालीवर बाबांचा जीव होता. तिसऱ्या खंडाच्या शेवटी, जळत्या गावात, अडलेल्या बाईजवळ दुसरं कोणीच नाही म्हणून ती गुडघे टेकते आणि त्याच बाहीतलं पातं काढून नाळ कापते. ते वाचून झाल्यावर बाबा चष्मा पुसत म्हणाले होते, की डोळ्यांत काहीतरी गेलं.

“काय गेलं?”

“धूर,” बाबा म्हणाले. “गाव जळतंय ना.”

चौथा खंड शेवटी बाजारात आला, तेव्हा बाबा स्वतः जाऊन घेऊन आले. दुकानदाराने दोन प्रती देऊ का विचारलं, तर बाबांनी त्याला सांगितलं, की एकाच घरात एकच गोष्ट असते. दिवसा बाबा वाचायचे, संध्याकाळी ती. कधी ते तिच्या आधी पोचायचे, कधी ती. धाकटी गड सोडते ते प्रकरण ती वाचत होती, त्या दिवशी पुस्तक तिने पिशवीत घालून कार्यशाळेत नेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, हात धुवायचेही न थांबता, तिने ते पान वाचलं. मग परत वाचलं.

कारण आणखीही होतं. तिच्या फोनमध्ये, पुस्तक यायच्या आधीपासून, एक निरोप पडून होता. रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर फक्त लहान मुलांसाठी एक नवं केंद्र निघत होतं आणि तिथला सगळा विभाग त्यांना तिच्या हाती द्यायचा होता. तिने येते म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. सोमवारी कळवायचं होतं. घरी तिने अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त नणंदेला सांगितलं होतं, कारण नणंद फोनवर “तुझा आवाज असा का येतोय?” म्हणून खोदून खोदून विचारत राहिली.

डबा विसरला त्या दुपारी तिने नणंदेला पुन्हा फोन लावला.

“ताई, मी नाही म्हणून कळवणार आहे.”

“अगं, का?”

“बाबांना सहन नाही व्हायचं.”

“विचारलंस त्यांना?”

“विचारायची गरज नाही. आज धाकटी गडावरून गेली तर त्यांनी पुस्तक आपटलं.”

“कोण धाकटी?” नणंद गोंधळली. “कुठला गड?” त्या पुस्तकांशी तिचं कधी जमलं नव्हतं.

“काही नाही. तुम्ही त्यांना यातलं काही बोलू नका हं.”

“मी कशाला बोलेन?” नणंद म्हणाली, आणि जरा घाईनेच पोरांच्या परीक्षांचा विषय काढला. एरवी नणंदेच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पण त्या दिवशी सुनेचं लक्ष त्याकडे गेलं नाही.

फोन ठेवून ती कामाला लागली. बसमध्ये तिकिटं देणारा एक कंडक्टर टेबलावर पाय ताणून बसला होता. त्याच्या गुडघ्याखाली ओलं प्लॅस्टर गुंडाळताना तिच्या मनात आलं, की धाकटी गड सोडताना ज्या पानावर आपला श्वास अडकला, त्याच पानावर बाबांना राग आला. पुस्तक एक, पान एक. तिला वाटत होतं, ते पान बाबांनी वाचलं की विषय आपोआप निघेल. आपण म्हणू, बाबा, असंच काहीसं माझंही आहे. आता तो रस्ता बंद झाला होता.

“बाई, जरा घट्ट होतंय,” कंडक्टर म्हणाला. तिने पटकन पट्टी सैल केली.

त्यानंतर दोन दिवस वर्तमानपत्राचं पहिलं पान बाबांनी न मागता तिच्याकडे सरकवलं. चौथा खंड पुढे वाचायचा सोडून त्यांनी कपाटातून बाकीचे तिन्ही खाली काढले. ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा गॅलरीत खुर्चीभोवती चारही खंड उघडे पसरलेले असायचे. बाबा कधी याच्यात बघायचे, कधी त्याच्यात. मधेच जिभेने ‘च्च’ करायचे. तिने विचारलं, “काय शोधताय?” तर म्हणाले, “कुठे तडा गेलाय ते बघतोय.” तिला वाटलं, धाकटीचा हिशेब चुकता करायला पुरावे गोळा करताहेत.

शनिवारी तिला अर्धा दिवस असायचा. ती आली तेव्हा टेबलावर दोन कप मांडलेले होते आणि चहा गाळून तयार होता. बाबांना चहा कधीच नीट जमला नव्हता. तोही जमला नव्हता.

“बस,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

“कशात?”

“मी चुकीच्या माणसाकडे बघत होतो. दोन दिवस धाकटीवर चिडलो होतो. अगं, ते प्रकरण धाकटीचं नाहीच. खांबाचं आहे.”

तिने पिशवी खाली ठेवली. बाबांनी चौथा खंड उघडला. त्यात वर्तमानपत्राच्या चिठोऱ्या घातल्या होत्या.

“हे बघ. धाकटी जाण्याच्या दोन प्रकरणं आधी. खांब गडाच्या मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराला तेल घालतो. बिजागऱ्यांना. किल्लेदार स्वतः! हाताखाली एवढी माणसं असताना. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, लेखक पानं भरतोय. मग इथे, धाकटीच्या घोड्याला नवे नाल ठोकून घेतो. कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता ती पहाट.” त्यांनी पान उलटलं. “इथे तुझं प्लॅस्टर लागलंय.”

पानाच्या कडेला पांढऱ्या अंगठ्याचा ठसा होता.

“सॉरी,” ती म्हणाली. “हात धुवायचे राहिले होते.”

“असू दे. आता वाच. ‘त्या पहाटे किल्लेदार तटावर उत्तरेकडे तोंड करून उभा होता.’ तुला काय वाटलं हे वाचून?”

“पहारा देत होता.”

“मलाही तेच वाटलं. पण उत्तरेला काय आहे? कडा. सरळसोट. तिकडून पाखरूही येत नाही. मी तिन्ही खंड पुन्हा धुंडाळले. हा म्हातारा एकदाही, वेढ्यातसुद्धा, उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलेला नाही. धाकटी दक्षिणेच्या वाटेने गेली, पोरी. त्याने पाठ केली. तिला मागे वळून बघताना कोणाची नजर दिसू नये म्हणून.”

ती ते वाक्य पुन्हा वाचत राहिली. अंगठ्याच्या ठशाच्या अगदी शेजारी ते होतं. दोनदा वाचूनही तिच्या नजरेतून ते निसटलं होतं. ती धाकटीबरोबर घोड्यावर होती. गडावर मागे कोण राहिलं, हे तिने पाहिलंच नव्हतं.

“म्हणजे त्याला माहीत होतं,” ती म्हणाली.

“आधीपासून.”

“मग बोलला का नाही?”

बाबांनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“तेच तर कोडं होतं मला. हिने त्याला सांगायला हवं होतं, यावर मी अडून बसलो होतो. जाण्याचा राग नव्हता गं मला. बाईने समुद्र बघायला नको का? राग याचा होता, की एवढी वर्षं जो मागे उभा राहिला, त्याला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही? पण मग म्हटलं, हा तरी कुठे बोलला? राहा म्हणाला असता, तर ती राहिली असती. जा म्हणाला असता, तर तिला वाटलं असतं, आपण नकोशा झालो. मग म्हाताऱ्याने करायचं काय? तेल घातलं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मागून कोणीतरी “येऊ दे, येऊ दे” करत होतं.

“चार खंड,” बाबा म्हणाले. आवाजात आता नुसतं कौतुक होतं. “चार खंड या माणसाने एक म्हातारा नुसता उभा ठेवला. आपण त्याला हसलो. लेखक विसरलाय म्हणालो. आणि तो काही विसरला नव्हता. शेवटी त्याला फक्त इकडचा तिकडे वळवला. झालं. मी पुलांमध्ये इतकी वर्षं घालवली, पण इतकं वजन इतक्या कमी सामानात तोललेलं मी नाही पाहिलं.”

“त्याला आवडलं असतं,” ती म्हणाली. ती कोणाबद्दल बोलतेय हे दोघांनाही ठाऊक होतं.

“तो म्हणाला असता, ‘बाबा, हे मी पहिल्या खंडातच ओळखलं होतं.’”

ती हसली. मग तिला हसू आवरेना. बाबाही हसले. हसता हसता चष्मा काढून पुसू लागले. या वेळी धुराचं नाव त्यांनी काढलं नाही.

“तरीपण,” चष्मा लावत ते म्हणाले, “लेखक म्हणून मी त्याला मानतो. पण घरातला माणूस म्हणून विचारशील, तर मला ते पटलेलं नाही. त्या दोघांनी एकदा समोरासमोर बसून चहा प्यायला हवा होता. कसाही झाला असता तरी.”

तिने समोरच्या कपाकडे पाहिलं. वर साय धरली होती. तिने ती चमच्याने बाजूला केली, एक घोट घेतला आणि कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

“बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग की.”

“मला एका ठिकाणी बोलावलंय. कामासाठी. जवळ नाहीये. रात्रभराचा प्रवास आहे.”

“हं.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही इथे एकटे—”

“मी खांब नाही,” बाबा म्हणाले. “मी हिंडतो, फिरतो, बोलतो. लोक कंटाळतात इतका बोलतो. काम काय आहे, ते सांग.”

“हेच. पाय बनवायचे. पण तिकडे सगळा विभाग माझ्याकडे असेल. माणसं मी निवडायची, सामान मी ठरवायचं.”

बाबांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. खूप विचार करून प्रश्न विचारावा तसे ते म्हणाले,

“मुलांचे पाय म्हणजे सारखे नवे करावे लागत असतील, नाही? वाढतात ना ती.”

“हो, सारखेच,” ती म्हणाली. “काही जणांची वाटी तर वर्षाच्या आतच—”

आणि ती थांबली. मुलांचं तिने अजून सांगितलंच नव्हतं.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. मान खाली घालून कपातल्या चहावर फुंकर घालत होते. तो केव्हाचा गार झाला होता.

तिच्या ओठांवर नणंदेचं नाव आलं. ते तिने तिथेच ठेवलं. खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नसल्यासारखं, अगदी पहिल्या निरोपापासून, काहीएक न गाळता सांगायला लागली. आणि बाबाही जागच्या जागी “हो का?”, “अरे वा!”, “मग?” म्हणत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत राहिले.